आयबीएस आणि प्रोबायोटिक: कुणाला खरंच फरक पडला का?

निळीशाई

मला आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्यांत काही न सापडता पोट दुखत राहणं आणि शौचाची लय बिघडणं) आहे, जुलाबाकडे झुकणारा प्रकार. सकाळी चहा पोटात गेला की मुरडा सुरू. दोन-तीनदा जाऊन आले तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. शाळेत शिकवते. पहिला तास चालू असताना वर्ग सोडून जाता येत नाही, म्हणून बरेचदा काही न खाताच घरातून निघते. हे सगळं सुरू झालं एका लग्नातल्या जेवणानंतर. जोरदार जुलाब-उलट्या झाल्या, त्या आठवड्याभरात थांबल्या, पण पोट पुन्हा पहिल्यासारखं झालंच नाही.

तपासण्या झाल्या आहेत. रक्त, थायरॉइड, शौचाची तपासणी, सोनोग्राफी, शेवटी कोलोनोस्कोपीही. सगळं नॉर्मल. घरच्यांना आनंद झाला आणि मला रडू आलं, कारण दुखतं ते खरंच दुखतं.

आता जो तो म्हणतो, प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले असे जिवंत जंतू असलेलं औषध घे. औषधाच्या दुकानात विचारलं तर प्यायच्या कुप्या, कॅप्सूल, पावडरच्या पुड्या आणि फ्रीजमधली छोटी बाटली असं सगळंच समोर आलं. प्रत्येकावर जंतूंची वेगळी नावं आणि 'अब्ज'चे वेगळे आकडे. यातलं कोणतं घ्यायचं, किती दिवस, आणि फरक पडतोय हे ओळखायचं कसं? बेल, कुटज, इसबगोल, पुदिन्याचं तेल, पथ्य, ध्यान, कशाचाही अनुभव असेल तर लिहा. ज्यांना उपयोग झाला नाही त्यांनी तर नक्की लिहा.

तुळशीबाग

वाचते आहे. मुलाला हाच त्रास आहे, त्यात बारावीचं वर्ष. परीक्षा आली की पोट बिघडतंच.

जनरल_ओपीडी

मी फॅमिली डॉक्टर आहे, पोटविकारतज्ज्ञ नाही, हे आधी सांगतो. निळीशाई, तुमच्या तपासण्या झाल्या आहेत हे उत्तम. बाकी वाचणाऱ्यांसाठी लिहितो, कारण असे धागे वाचून लोक स्वतःच निदान ठरवतात.

शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, ताप, हिमोग्लोबिन कमी असणं, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार असणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टरकडे जा, प्रोबायोटिकचं नंतर बघू. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही. जुलाब असतील तर सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) रक्तातली तपासणी आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याला सूज आहे का ते दाखवणारं प्रथिन) या दोन तपासण्या करून घेण्यासारख्या आहेत.

आयबीएसच्या निदानासाठी २०१६ साली ठरलेले 'रोम चार' निकष आज जगभर वापरतात. गेल्या ३ महिन्यांत आठवड्यातून सरासरी निदान १ दिवस पोटदुखी, आणि पुढच्या तिनांपैकी दोन गोष्टी: दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाला जाण्याच्या वेळा बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं. त्रासाची सुरुवात किमान ६ महिन्यांपूर्वीची हवी. स्वरूप सांगायला ब्रिस्टल तक्ता आहे, १ ते ७ प्रकार. १ म्हणजे कडक खडे, ७ म्हणजे निव्वळ पाणी. पेशंट 'पोट खराब आहे' म्हणतो तेव्हा कुणाला बद्धकोष्ठ असतं, कुणाला जुलाब. तक्त्यातला आकडा सांगितला की आमचं काम सोपं होतं.

तुमची सुरुवात जशी झाली तशी बऱ्याच जणांची होते. कॅनडातल्या वॉकरटन गावात २००० साली पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले आणि हजारो लोक आजारी पडले. त्यांचा पुढे काही वर्षं पाठपुरावा झाला. संसर्ग कधीच संपला होता, पण अनेकांना आयबीएस मागे राहिला. आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील होतात, हालचालीची लय बिघडते, आतल्या जंतूंचं मिश्रण बदलतं. कोलोनोस्कोपीत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असणं आणि दुखणं खरं असणं, दोन्ही एकाच वेळी शक्य आहे.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट. अशा पेशंटला 'जुनी आव आहे', 'अमिबा आहे' असं सांगून वर्षानुवर्षं मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाचे कोर्स दिले जातात. दरवेळी आतड्यातल्या चांगल्या जंतूंनाही फटका बसतो. तपासणीत अमिबा नक्की दिसल्याशिवाय असे कोर्स पुन्हा पुन्हा घेऊ नका.

प्रोबायोटिकबद्दल रात्री लिहितो.

लोकलवाली

बदलापूर ते सीएसएमटी रोजचा प्रवास. लोकलला संडास नसतो. हे वाक्य ज्याला आयबीएस नाही त्याला साधं वाटेल, माझं अख्खं आयुष्य त्याभोवती फिरतं. कोणत्या स्टेशनवर स्वच्छतागृह कोणत्या फलाटावर आहे, कुठलं सकाळी कुलूपबंद असतं, हे मला पाठ आहे. पर्समध्ये एक जास्तीचा जोड आणि ओले टिश्यू कायम. मुलीच्या शाळेची सहल, सासरचं लग्न, बसने जायचं देवदर्शन, सगळ्याला नाही म्हणते, आणि लोकांना वाटतं मी माणूसघाणी आहे.

प्रोबायोटिक कुप्या मला डॉक्टरांनी दिल्या होत्या, बॅसिलस क्लॉसीच्या. ५ मिली पाण्यात २ अब्ज बीजाणू, चवीला पाण्यासारख्या. दिलेला कोर्स पूर्ण केला. काहीही फरक नाही. त्रासही नाही.

फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक, दुधाचा चहा बंद केला. मला दूध पचत नाही हे तपासणीत कळलं, श्वासातल्या हायड्रोजनची तपासणी असते. दुसरं, पोटविकारतज्ज्ञांनी रात्री झोपताना अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन सुरू केलं. ती डिप्रेशनची गोळी आहे हे कळल्यावर मी चिडले होते. 'म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड आहे का?' असं थेट विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की ही मात्रा मनासाठी नाही, आतड्याच्या नसांसाठी आहे. पहिले काही दिवस सकाळी झापड आणि तोंडाला कोरड होती. आता ऑफिसला डबा नेते आणि खातेही.

कडूकिराईत

मी बीएएमएस आहे, सांगली भागात दवाखाना आहे. आयुर्वेदात ग्रहणी नावाचा जो विकार आहे त्याचं वर्णन आयबीएसशी बरंच जुळतं: कधी पातळ, कधी बांधून, वारंवार, अन्न न पचता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात ताकाचं महत्त्व आवर्जून सांगितलं आहे. लोणी काढलेलं, ताजं, आंबट नसलेलं ताक, त्यात सैंधव, भाजलेलं जिरं, चिमूटभर सुंठ. दुपारच्या जेवणासोबत, रात्री नाही.

जुलाबाच्या प्रकारात कुटज, म्हणजे कुड्याची साल, आणि कच्च्या बेलफळाचा गर मी देतो. कच्चं बेलफळ बांधतं, पिकलेलं सारक आहे. हा फरक न कळल्याने लोक बाजारातला पिकल्या बेलाचा गोड मुरांबा खातात आणि जुलाब वाढले म्हणून येतात. रस्त्यावर मिळणाऱ्या 'संग्रहणीवर रामबाण' पुड्या मात्र कृपा करून घेऊ नका. त्यात काय मिसळलंय ते कुणीच सांगू शकत नाही.

घाटमाथा

कडूकिराईत, आदर ठेवून विचारतो. कुटजावर मोठी, प्लासिबोशी (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी) तुलना केलेली चाचणी आहे का? नसेल तर 'माझ्या रुग्णांना बरं वाटतं' एवढंच उरतं. आयबीएस स्वतःहून कमी-जास्त होत राहतो. माणूस त्रास शिगेला पोचतो तेव्हा उपाय सुरू करतो आणि नंतर तो उतरणारच असतो.

कडूकिराईत

घाटमाथा, मुद्दा मान्य. तुम्ही म्हणता त्या तोडीच्या चाचण्या व्हायला हव्यात. म्हणूनच रामबाण हा शब्द मी वापरत नाही आणि दोन महिन्यांत फरक नसेल तर औषध बंद करतो. ताकाचं मात्र निर्धास्त सांगतो, स्वस्त आहे आणि बहुतेकांना सोसतं.

जनरल_ओपीडी

आता प्रोबायोटिक. जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेने २००१ साली व्याख्या केली: पुरेशा प्रमाणात घेतल्यावर आरोग्याला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव. 'जिवंत', 'पुरेसे' आणि 'फायदा' तिन्ही सिद्ध व्हायला हवेत. आणि फायदा त्या विशिष्ट वाणाचा, म्हणजे जंतूच्या नेमक्या उपप्रकाराचा मोजायचा असतो. लॅक्टोबॅसिलस प्लांटारमच्या २९९व्ही या वाणावरचा अभ्यास त्याच कुळातल्या दुसऱ्या वाणाला लागू होत नाही. पाकिटावर वाणाचा आकडा किंवा कोड नसेल तर त्या पाकिटामागे कोणता अभ्यास आहे हे मलाही सांगता येत नाही.

२९९व्हीची २०१२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी भारतातल्या २१४ रुग्णांवर झाली होती. ४ आठवड्यांत पोटदुखी आणि फुगणं प्लासिबोपेक्षा कमी झालं. बिफिडोबॅक्टेरियमच्या ३५६२४ या वाणावर २००६ साली स्त्री रुग्णांवर चाचणी झाली. त्यात मधली मात्रा, म्हणजे १० कोटी जंतूंची, उपयोगी ठरली आणि त्याहून मोठी मात्रा ठरली नाही, कारण त्या कॅप्सूलमधून जंतू नीट बाहेरच पडत नव्हते. पाकिटावरचा मोठा आकडा बघून भुलू नये ते यासाठी.

मग सगळ्यांना द्यायचं का? तज्ज्ञांच्या संघटनांतच एकमत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० साली म्हटलं की आयबीएसमध्ये प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चाचणीतच द्यावीत. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीनेही २०२१ साली ती न वापरण्याकडे कल दाखवला. त्याच वर्षी ब्रिटिश सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीने म्हटलं की एकंदरीत काहींना उपयोग होऊ शकतो, पण अमुकच वाण घ्या असं सांगता येत नाही. घ्यायचंच असेल तर १२ आठवड्यांपर्यंत घेऊन बघा, फरक नसेल तर थांबवा. अभ्यास तेच, पण छोटे आणि वेगवेगळ्या वाणांचे असल्यामुळे वजन कशाला किती द्यायचं यावर मतभेद.

मी स्वतः ब्रिटिश पद्धतीने जातो. एका वेळी एकच, वाणाचा कोड असलेलं, ४ ते १२ आठवडे, सोबत वही. त्या काळात दुसरा कुठलाही नवा उपाय सुरू करायचा नाही. पेशंट प्रोबायोटिक, इसबगोल, काढा आणि पथ्य एकाच सोमवारी सुरू करतो आणि महिन्याने विचारतो की कशाने बरं वाटलं. कुणालाच सांगता येत नाही, आणि मग तो भीतीपोटी चारही चालू ठेवतो.

सॅकरोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, जिवाणू नाही, त्यामुळे प्रतिजैविकांनी मरत नाही. प्रतिजैविकांमुळे होणाऱ्या जुलाबांत त्याला आधार चांगला आहे, आयबीएसमध्ये तेवढा नाही. प्रतिकारशक्ती फार कमी असलेले, केमो चालू असलेले किंवा शिरेत मोठी नळी असलेले रुग्ण यांनी कोणतंही प्रोबायोटिक स्वतःच्या मनाने घेऊ नये.

सोनचाफा७

घरचं दही चालेल का हो त्याऐवजी? आमच्या आजीच्या काळात कुठे होत्या कॅप्सूल!

जनरल_ओपीडी

दही जरूर खा, सोसत असेल तर. त्यात जिवंत जंतू असतात आणि दुधातली थोडी साखर त्यांनी आधीच खाल्लेली असते, म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना दही-ताक सोसतं. पण प्रत्येक घरच्या विरजणात कोणते जंतू, किती, हे वेगळं, त्यामुळे औषध म्हणून त्याची मात्रा ठरवता येत नाही. दह्याने दीर्घायुष्य लाभतं ही कल्पना मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी.

मेलबर्नकर

मी ज्या शहरात राहते तिथल्याच मोनॅश विद्यापीठात फॉडमॅप आहाराचं (पोटात आंबणाऱ्या काही साखरी कमी करण्याच्या पथ्याचं) काम झालं, त्यामुळे इथल्या आहारतज्ज्ञांकडून ते नीट शिकायला मिळालं. मराठी स्वयंपाकात ते कसं बसवलं ते लिहिते. इंटरनेटवरच्या याद्या ब्रेड, चीज आणि ब्रोकोलीच्या असतात, आणि आपली माणसं पहिल्याच पानावर कंटाळतात.

काही साखरी लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढतात, पुढे मोठ्या आतड्यात जंतू त्या आंबवतात, गॅस होतो. निरोगी माणसालाही होतो, पण आयबीएसवाल्याला तो ताण दुखतो. गहू, कांदा आणि लसणात फ्रुक्टन. चवळी, वाल, राजमा, छोले, हरभऱ्यात दुसऱ्या प्रकारच्या. दुधात लॅक्टोज. आंब्यात आणि मधात जास्तीचं फ्रुक्टोज. फ्लॉवर आणि मशरूममध्ये मॅनिटॉल.

आता आपलं घर. भात चालतो. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी चालते. फक्त पोळी बंद करून भाकरी केली तरी बऱ्याच जणांना अर्धा फरक पडतो. दुधी, काकडी, वांगं, गाजर, फरसबी, बटाटा, टोमॅटो बेताने चालतात. शेंगदाणे चालतात, काजू नाही. केळं थोडं कच्चट असलेलं बरं, काळे ठिपके पडलेलं नको. मुगाची डाळ थोड्या प्रमाणात बहुतेकांना चालते. कडधान्य खायचंच तर भिजवून, ते पाणी ओतून टाकून शिजवायचं.

कांदा-लसणाचं दुःख मोठं, पण आपल्याकडे त्याची वाट आधीच आहे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडणारी किती घरं आहेत! माझ्या आईचा कांदेनवमीनंतरचा सगळा स्वयंपाक आठवून वहीत उतरवला आणि माझं पथ्य तयार झालं. नारळ, आलं, जिरं, कढीपत्ता, कोकम, गोडा मसाला. (कांदा-लसूण मसाला अर्थातच बाद.) लसणाचा स्वाद हवा तर तेलात पाकळ्या परतायच्या आणि पाण्याचा थेंब पडायच्या आत काढून टाकायच्या. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात नाही. पातीच्या कांद्याची हिरवी पातही चालते, पांढरा भाग नाही.

आणि हे आयुष्यभराचं पथ्य नाही! २ ते ६ आठवडे काटेकोर, मग एकेक गट परत आणून तपासायचा, मग आपल्याला जे सोसतं ते सगळं खायचं. पहिल्याच टप्प्यावर वर्षभर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत, वजन उतरलेली, कुणाकडे जेवायला न जाणारी. जंतूंचं अन्नही हेच आहे, ते कायमचं तोडू नये.

घाटमाथा

हे खूप उपयोगी लिहिलंत. डाळ-चवळी सोडल्यावर शाकाहारी माणसाने प्रथिनं कुठून घ्यायची?

मेलबर्नकर

घट्ट टोफू, शेंगदाणे, मुगाची डाळ, सोसत असेल तर थोडं पनीर. अंडी आणि मासे खात असाल तर प्रश्नच नाही. शाकाहारी, अशक्त, गरोदर, वाढत्या वयातली मुलं यांनी आहारतज्ज्ञाला विचारूनच करावं. तुळशीबाग, मुलाचं बारावीचं वर्ष आहे तर इतकं काटेकोर नकोच. दूध आणि मैदा कमी करून बघा, बास.

घाटमाथा

प्लासिबोवर मी वर बोललो त्याने कुणाचा गैरसमज नको. २०१० साली बोस्टनमध्ये आयबीएसच्या ८० रुग्णांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं की यात औषध नाही. तरीही ३ आठवड्यांनी त्यांच्यातल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम वाटला, काहीच न दिलेल्यांत ३५ टक्के. यावरून 'बघा, सगळं मनाचंच' म्हणणारे लोक मला भेटलेत. मला उलट वाटतं. मेंदू आणि आतडं यांच्यामधली वाट इतकी रुंद आहे की नीट ऐकून घेणाऱ्या डॉक्टरसोबतचा अर्धा तासही त्या वाटेने खाली पोचतो. म्हणूनच १९८४ पासून मँचेस्टरमध्ये पोटासाठीच्या संमोहनाचा उपयोग दिसत आला आहे.

जनरल_ओपीडी

सहमत. लोकलवाली यांच्या गोळीबद्दल थोडी भर: २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधली अटलांटिस चाचणी आली, ४६३ रुग्ण, तेही फॅमिली डॉक्टरांकडचे. अमिट्रिप्टिलीन १० ते ३० मिलिग्रॅम, ६ महिन्यांनी प्लासिबोपेक्षा स्पष्ट चांगला परिणाम. डॉक्टरशिवाय सुरू करू नका, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर आधी सांगा.

इसबगोल राहिलं. गुजरातेतल्या उंझ्याच्या बाजारातून जगभर जाणारी ही भुशी बद्धकोष्ठाचं औषध म्हणून ओळखली जाते, पण पाणी धरून ठेवत असल्याने पातळ शौच बांधायलाही मदत करते. नेदरलँड्समधल्या २००९ च्या चाचणीत रोज १० ग्रॅम इसबगोलने फायदा झाला. गव्हाच्या कोंड्याने तेवढा झाला नाही, उलट सुरुवातीलाच त्रास वाढला म्हणून अनेकांनी कोंडा सोडला. अर्ध्या चमच्याने सुरुवात करून हळूहळू वाढवा, आणि मोठा ग्लासभर पाणी प्या. पुदिन्याचं तेल घ्यायचं तर आतड्यात विरघळणारी कॅप्सूलच घ्या, नाहीतर छातीत जळजळ होते.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. लोकलवाली, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. त्यानंतर त्याने पहिल्यांदा विचारलं की शाळेत मला नक्की काय होतं.

ठरवलंय ते असं: आधी काहीही न बदलता थोडे दिवस वही लिहायची, काय खाल्लं, ब्रिस्टलचा आकडा, दुखणं किती, पाळी कधी. मग दुधाचा चहा बंद आणि पोळीऐवजी भाकरी. त्याने किती उतरतं ते कळल्यावर इसबगोल. प्रोबायोटिक सगळ्यात शेवटी, वाणाचा कोड बघून, आणि १२ आठवड्यांपुढे नाही. शाळेत मुख्याध्यापिकांशी बोलून पहिला तास ऑफ मागणार आहे. हे आधी सुचलं नव्हतं असं नाही, लाज वाटत होती.

एकच शंका. कांदा-लसूण नाही तर फोडणीत हिंग भरपूर घालू ना?

मेलबर्नकर

हिंग घाला, पण डबीवरचे घटक वाचा. आपण वापरतो त्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं किंवा तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाचं किंवा डिंकाचं शोधा, काही दुकानांत मिळतं. चिमूटभर गव्हाच्या पिठाने तुम्हाला काही होईलच असं नाही, पण काटेकोर आठवड्यांत नको.

लोकलवाली

निळीशाई, पहिल्या तासाचं तोंडी बोलू नका, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून लेखी अर्ज द्या. मुख्याध्यापिका बदलल्या की तोंडी सवलत जाते. माझ्या ऑफिसात साहेब बदलल्यावर तेच झालं. अर्जाचा मसुदा हवा असेल तर विपु (विचारपूस, म्हणजे इथला वैयक्तिक निरोप) करते.

निळीशाई

करा ना, प्लीज. आणि फलाटावरच्या स्वच्छतागृहांची तुमची ती यादीही इथे टाका, मुंबईला येणाऱ्या कुणालाही लागेल.